त्याच्याच तोंडून

१२ फेब्रुवारी

पार्लरवालीस,

पत्राच्या सुरुवातीला तू मला ‘ताई’ लिहिलंयस. ते पुन्हा लिहू नकोस. मला एक धाकटी बहीण आहे. ती मला ताई म्हणते, आणि तिनं माझा नवरा नेलेला नाही.

फोन मी उचलत नाही म्हणून लाँड्रीच्या पत्त्यावर पत्र धाडलंस, हे बरं केलंस. घरी आलं असतं तर लेकीच्या हाती पडलं असतं. मी ते मागच्या खोलीत, ओल्या चादरींच्या ढिगाऱ्याला टेकून वाचलं. तू लिहितेस, तो बूट घालायला वाकला आणि तसाच आडवा झाला. हॉस्पिटलात शिरेत जाळी बसवली, आता घरी आहे. तुझे डॉक्टर विचारतायत, आधी काही त्रास होता का, कसल्या गोळ्या चालू होत्या, घराण्यात कुणाला हृदयाचं काही होतं का. आणि तो पडल्यापडल्या सांगतो, ‘आमच्याकडे सगळे धडधाकट.’

हे वाचून मी हसले. इस्त्रीवाल्या काकांनी मान वर करून बघितलं, इतकी हसले.

तुझ्या पार्लरचे टॉवेल आमच्याकडे धुवायला यायचे, आठवतं ना? धुतलेले गठ्ठे तुझ्याकडे पोचवायला त्याला मीच पाठवायची. डॉक्टरीणबाईंनी रोज चाल म्हणून सांगितलं होतं आणि साहेबांच्या जिवावर यायचं, म्हणून म्हटलं, या निमित्तानं तरी पाय मोकळे होतील. म्हणजे बघ, त्याच्या हृदयाच्या काळजीनं मी त्याला तुझ्या दारात पाठवलं. त्यानं डॉक्टरांचा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला.

जाताना दारात उभा राहून काय म्हणाला, ते तुला सांगितलं असेल का कुणास ठाऊक. म्हणाला, ‘हे घर नाही, दवाखाना आहे. मला जगायचंय.’ हातात बॅग होती आणि बॅगेत मी इस्त्री केलेले शर्ट होते. मग जगव की आता. तुझ्याकडे जगायला आलाय.

त्याला काय त्रास होता, कुठल्या गोळ्या होत्या, ते त्यालाच विचार. तोंड त्याला आहे. टायर विकतो तो, बोलण्यात कुणाला हार जात नाही.

उत्तरासाठी पाकिटात तिकीट घालून पाठवलंस, तेवढं वापरते. फुकट गेलं असं नको.

ता. क. माझी लेक बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.


३ मार्च

सवतीस,

या वेळी ताई नाही, प्रिय नाही, काहीच नाही. सरळ मुद्दा. हे तुझं मला आवडलं.

तू लिहितेस की तो गोळ्या घेतो म्हणतो, पण पाकिटातल्या गोळ्या आणि तारखा जुळत नाहीत. आळणी जेवणावरून ताट सरकवतो. डॉक्टरांपुढे मान डोलावतो आणि घरी आला की पहिले पाढे पंचावन्न. आणि शेवटी एक ओळ, ‘तुम्ही हे कसं केलंत?’

या ओळीवर मी बरेच दिवस काढले. मशीन फिरताना तिच्यातल्या फेसाकडे बघत बसायची. आपल्यात म्हण आहे, नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली तेव्हा वाटायचं, असं कोण म्हणेल? आता कळतं कोण म्हणतं. पण मला तेही नकोय. मेला तर तो सुटेल आणि तू बिचारी होशील. तुला बिचारं होऊ द्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

म्हणून सगळं सांगते. नीट ऐक.

गोळी तो जिभेवर ठेवतो, पाणी पितो आणि हिरडीमागे सरकवून बाहेर जाऊन थुंकतो. पाणी प्यायल्यावर त्याच्याशी दोन मिनिटं गप्पा मार. बोलायची हौस त्याला गप्प बसू देणार नाही, गोळी विरघळेल, कडू लागेल, गिळेल. बरं वाटलं की गोळ्या बंद करायची त्याला खोड आहे. बरं वाटतंय ते गोळीमुळे, हे त्याला कधी पटलं नाही. बीपी मोजताना त्याला आधी पाच मिनिटं शांत बसव, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, तोंड बंद. नाहीतर मोजताना विनोद सांगतो आणि आकडा चढला की मशीनला नावं ठेवतो. मिठाची बरणी लपवून भागत नाही. मीठ पावात असतं, बिस्किटात असतं, बाटलीतल्या चटणीत असतं, पाकीट फोडून खायच्या प्रत्येक गोष्टीत असतं. सिगारेट सोडली म्हणाला तर गाडीच्या डिकीत सुट्या चाकाखाली हात घाल. चालायला एकटा सोडू नकोस, चौकातल्या गॅरेजात बाकावर बसून येतो आणि कपाळाला पाणी लावून घाम दाखवतो. घोरताना मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकल्यासारखा सुरू होतो ना? ते डॉक्टरांना सांग, ती थट्टेची गोष्ट नाही. छाती आवळली, हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर गॅस झालाय म्हणून सोडा पाजत बसू नकोस, तडक गाडी बोलाव.

आणि त्याच्या डोळ्यांच्या पापण्यांवर आतल्या कोपऱ्यात पिवळट चट्टे आहेत. तू चेहऱ्यांचं काम करतेस, ते तुला दिसले असणारच. मला खात्री आहे, तू त्यावर क्रीम चोळलं असशील. ती चरबी आहे बाई. रक्तात मावेना म्हणून तिथे येऊन बसली. टाचेमागची शीर चाचपून बघ, तीही जाड लागेल.

आता हे सगळं तुला का दिलं, ते सांगते, म्हणजे उपकार मानायच्या भानगडीत पडणार नाहीस. हे सगळं तू करशील, कारण तू घाबरलीयेस. मीही घाबरले होते. तू त्याचं ताट बघशील, खिसे चाचपशील, तोंड उघडायला लावशील. आणि एक दिवस तो तुझ्याकडे त्याच नजरेनं बघेल, ज्या नजरेनं माझ्याकडे बघायचा. मग तुला तो शब्द ऐकवेल. दवाखाना. ऐकलास की मला कळव. मला ती तारीख हवीये.

माझी लेक रोज जेवल्यावर एक गोळी घेते. न चुकता, न थुंकता. कसली, ते तुला सांगायचं मला काही कारण नाही.


२१ एप्रिल

सवतीस,

तारीख कळवायची गरज उरली नाही. तो स्वतःच सांगून गेला.

आज दुपारी लाँड्रीत आला. मी काउंटरवर कोटाचे डाग बघत होते. आधी आवाज ओळखला, मग माणूस. बारीक झालाय. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, नवीन मशीन घेतलंस वाटतं. मी म्हटलं, कपडे आणलेत का? नाही म्हणाला. मग म्हटलं, ही धुलाईची जागा आहे.

पण बसला. आणि सुरू झाला. तू त्याचा छळ करतेस. तू खिसे तपासतेस. तुझ्या आरशांच्या पार्लरात तो हसत आला होता आणि आता तू आरशातूनही त्याच्यावर नजर ठेवतेस. तुमच्या पोरीसमोर, चिंगीसमोर, त्याला ‘आ कर’ म्हणतेस. मग म्हणाला, “घर राहिलं नाही ते. दवाखाना झालाय.”

अगं, काय सांगू तुला. इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. दुसऱ्या बाईविषयी, माझ्यासमोर, त्याच तोंडून. मी कोटावरचा ब्रश थांबवला नाही, पण हात हलका झाला.

पुढे म्हणाला, “तू बरी होतीस. तुझ्यात निदान माया होती.”

मी विचारलं, मग आता काय? तर म्हणाला, एक कप चहा दे, नीट साखर घालून. सहा वर्षांनी आलेला माणूस माझ्याकडे साखर मागत होता. तुझ्या पाठीमागे. मला वाटलं, आता ही गोष्ट तुला लिहीन आणि तू ती पार्लरात, गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता आठवशील आणि रंग भलतीकडेच ओघळेल.

चहा दिला नाही. इस्त्रीवाल्या काकांना दिला, त्याच्या समोर.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण तो बसलेला असतानाच लेक कॉलेजातून आली.


२३ एप्रिल

परवाचं पत्र मी टाकलं नाही. हे त्याच्याच पाकिटात जाईल. दोन्ही वाच, आधीचं फाडू नकोस. मी कशी आहे तेही तुला कळू दे.

लेक आली, बापाकडे बघितलं, त्याला पाणी दिलं. ती माझ्यापेक्षा भली आहे. त्यानं फोन काढून चिंगीचे फोटो दाखवले, शाळेच्या शर्यतीत धावतानाचे. लेक बघत होती. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, “हिचं रक्त तपासलंत का?”

तो म्हणाला, कसलं रक्त?

“माझ्यासारखं.”

त्यानं फोन खिशात घातला. म्हणाला, ती धडधाकट आहे, उगाच पोरीच्या आईच्या डोक्यात काहीतरी भरवू नका, ती आधीच वेडी झालीये. आणि उठून गेला. पायऱ्यांवरून वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. आपण दोघं गप्प राहू, असं ती नजर सांगत होती.

माझं डोकं तिथे फिरलं. कारण चिंगीबद्दल मीही गप्पच होते. तुझं पहिलं पत्र आल्यापासून माझ्या मनात ते होतं, आणि ठरवून मी ते पाकिटाबाहेर ठेवलं होतं. तुझ्यावर सूड म्हणून. आणि हा माणूस बाप असून गप्प होता. मी मान वर करून बघितलं तर आम्ही दोघं एकाच पंगतीला बसलेलो. त्याच्या शेजारच्या पाटावर बसायची माझी तयारी नाही. म्हणून ऐक.

लेक नऊ वर्षांची होती तेव्हा कंपनीच्या तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल भलतंच वर निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वडील कशानं गेले? मी सांगितलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी, खुर्चीत बसल्याबसल्या. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पोरीचं रक्त तपासायला लावलं. तिचंही वर. माझंही तपासलं, ते चांगलं निघालं. मग बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, हे तुमच्या वडिलांकडून तुमच्यात आलंय. खाण्यापिण्यानं वाढतं, पण खाण्यापिण्यामुळे झालेलं नाही. तुमच्या प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. लहानपणी सापडलं तर काही बिघडत नाही, सापडलं नाही तर बिघडतं. भावाबहिणींना सांगा, त्यांच्या मुलांना तपासा.

हे त्यानं ऐकलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलं.

आणि घरी आल्यावर आईला, भावाला, बहिणीला काय सांगितलं? पोरीला रक्ताचा आजार आहे, तिच्या आईकडचा. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी खरं सांगितलं. कुणी मान वर केली नाही. जाऊ म्हणाली, स्वतःवर आलं की माणूस दुसऱ्यावर ढकलतंच. तो ओट्याला टेकून उभा होता आणि नखं बघत होता. पुढे तो मला सोडून गेला, तेव्हा त्या घरातल्या एकाही माणसाला वाईट वाटलं नाही. आजारी रक्ताची बाई गेली, बरं झालं. पार्लरवाली तरी धडधाकट आहे. म्हणजे तू. तू धडधाकट म्हणून त्या घरात आलीस, हे तुला माहीत आहे का?

चिंगीचं रक्त तपास. याच आठवड्यात. डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागच्या पानावर लिहिलाय, आमच्या लेकीचं नाव सांग, त्यांना सगळं ठाऊक आहे. निघालं तर हातपाय गाळू नकोस. माझी पोरगी पोहते, धावते, माझ्याशी कचाकचा भांडते. तिला बघून कुणी आजारी म्हणणार नाही.

याला काही अट नाही. पोरीला अट नसते.

पण मला काहीतरी हवंय, आणि ते तूच मिळवून देऊ शकतेस. त्याला फोन घेऊन बसव. भावाला दोन मुलगे आहेत, बहिणीला तीन मुलं. आई आहे. काकांची मुलं आहेत. प्रत्येकाला त्यानं स्वतः सांगायचं, हे आमच्या घराण्यातलं आहे, बाबांकडून आलंय, माझ्यात आहे, आणि मला आठ वर्षं ठाऊक होतं. शेवटचं वाक्य गाळायचं नाही. तू शेजारी बसायचं. गोळी गिळली की नाही ते बघतेस ना, तसंच हेही बघ.

हा सूड आहे. नीट समजून घे आणि मगच कर.


१६ मे

सवतीस,

चिंगीचंही तेच निघालं. तू लिहिलेला आकडा मी लेकीच्या पहिल्या आकड्याशी लावून बघितला. तिच्यापेक्षा कमी आहे. बाईंनी तुला सांगितलंच असेल की एवढ्या लहान वयात गोळी घाईनं देत नाहीत. आता खाणं, खेळणं आणि वेळच्या वेळी तपासणी. आठ-नऊ वर्षांची झाली की ठरवतील. घरातल्या सगळ्यांनी तेच जेवा, तिला वेगळं ताट वाढू नकोस. वेगळ्या ताटानं पोरं आजारी पडतात. मी ती चूक पहिल्या महिन्यात केली होती, लेक जेवणाच्या टेबलाखाली बसून रडायची.

तू लिहिलंस, दवाखान्यात बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही यांना सांगितलं नव्हतं का, आणि तो म्हणाला, आठवलं नाही. आणि बाहेर आल्यावर तू पार्किंगमध्ये त्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतलीस आणि पोरीला घेऊन निघून आलीस. तो चालत आला.

चांगलं झालं. चालणं झालं.

सोडू का त्याला, असं विचारतेस. मला विचारतेस! तुझा निर्णय तू घे. मी त्याला परत घेणार नाही, एवढं खात्रीनं सांगते. डाग काही वेळा निघतो, पण कापड विरलेलं असतं. लाँड्रीत हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. पण फोन होईपर्यंत सोडू नकोस.


११ जून

त्यानं फोन केले. मला तू कळवायच्या आधीच कळलं, कारण सासूबाई आल्या.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर उभ्या. हातात एक शाल, चांगली स्वच्छ होती. धुवायला आणलीये म्हणाल्या. मी पावती फाडली. त्या त्याच खुर्चीत बसल्या. मी मनात म्हटलं, या. आता बोला. आठ वर्षं मी यांच्याशी आरशासमोर भांडत आले होते, सगळी वाक्यं पाठ होती.

त्या म्हणाल्या, “तुझ्याकडचं नव्हतं म्हणे.”

“नव्हतं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगितलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून.”

“तुझं कोण ऐकणार होतं,” त्या म्हणाल्या. चिडून नव्हे, जे होतं ते सांगावं तसं.

मग त्या शालीची किनार चाचपायला लागल्या. मी काउंटर आवरत होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे तेही यानंच गेले?”

मला आधी समजलं नाही, कोण. मग समजलं. सासरे.

“हो,” मी म्हटलं.

“मी त्या दिवशी भांडले होते त्यांच्याशी. कोळशावरून. वाटेल ते बोलले. मग ते खुर्चीत जाऊन बसले.”

तेव्हापासून ही बाई त्या भांडणाखाली दबून बसली होती. तीस-पस्तीस वर्षं. घरात कुणाला बोलली नव्हती. आणि तिचा मुलगा, ज्याला डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की त्याच्या बापाला हे जन्मापासून होतं, तो आठ वर्षं तिच्यासमोर बसून जेवत होता. त्याच्या एका वाक्यानं ती सुटली असती. मला वाटलं होतं त्यानं फक्त माझं वाटोळं केलं.

मी सूड घ्यायला बसले होते, आणि म्हातारीला पाणी द्यावं लागलं. पाठीवर हात ठेवावा लागला. सांगितलं, भांडणानं कुणी मरत नाही, तसं असतं तर हे अख्खं गाव ओस पडलं असतं. त्या हसल्या नाहीत, पण पाणी प्यायल्या. जाताना माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.

दिराचा धाकटा मुलगा तपासणीत सापडला, हे त्यांनीच सांगितलं. अकरा वर्षांचा आहे. जाऊबाईंनी मला फोन केला होता, मी उचलला नाही. तिला तुझ्याकडून पत्ता मिळेल. माझ्याकडून तिला आणखी थोडे दिवस काही मिळू नये, एवढं सुख मला राहू दे.

तू त्याला सोडलेलं नाहीस, पण पार्लरच्या वरच्या खोलीत झोपायला पाठवलंयस, आणि त्याचं ताट, गोळ्या, बीपी हे आता त्याचं त्यानं बघायचं, असं सांगितलंयस. हे मला कधी सुचलं नव्हतं. तुला ते माझ्यापेक्षा लवकर सुचलं, याचा मला थोडा राग आला.

आता चिंगीचं. तिनं म्हणे मोठ्या बहिणीबरोबर पोहायला जायचा हट्ट धरलाय. लेक तिच्या नेहमीच्या तपासणीला गेली तेव्हा दवाखान्यात दोघींची गाठ पडली, काय बोलणं झालं मला माहीत नाही. लेकीला विचारलं तर म्हणाली, आमचं आमच्यात आहे. तलाव रविवारी सकाळी उघडतो. लेक तिला तरंगायला शिकवेल, मी काठावर बसेन. मला पोहता येत नाही, पण आरडाओरडा करता येतो.

पाठव तिला. टॉवेल देऊ नकोस, आमच्याकडे ढीग आहे. डोक्याला टोपी आणि जास्तीचा एक कपड्यांचा जोड दे. फाटकापर्यंत तूच सोडायला ये, त्याला पाठवू नकोस. मी तुझ्याशी बोलेनच असं नाही.

आणि त्याची तब्येत कशी आहे, ते मला यापुढे कळवू नकोस.